वाटाण्यातला धागा

३ जून

ती. बाबांना शि. सा. न.

कारखान्यात रुळले. वाटाण्याचं पीठ, तेल आणि पाणी यंत्रात घालायचं. आत ते तापतं, दाबलं जातं आणि पलीकडून मांसासारखे धागे होऊन बाहेर पडतं. पहिल्या दिवशी मी आ वासून बघत राहिले. छातीच्या दुखण्यापासून डॉक्टरांनी तुमचं मटण बंद केलंय, आणि जन्मभर मटणाचं दुकान चालवलेल्या माणसाला ते किती जड जातंय ते मला ठाऊक आहे. वीस पाकिटं पाठवते. वाटाणाच आहे, निर्धास्त खा.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
ठकू

१९ जून

चि. ठकूस अ. उ. आ.

पाकीट उघडून सवयीने ठोकळ्यावर ठेवलं, बोट फिरवलं, तर धागा लागला. मटणासारखा तो धागा आडवा छेदायला सुरी आपोआप आडवी वळली. जे कधी चरलं नाही, चाललं नाही, त्याच्या अंगात धागा आला कुठून? चाळीस वर्षांत असा थक्क झालो नव्हतो. तुझ्या आईला बोलावून दाखवलं. तिने मला चष्मा पुसायला सांगितलं.

मग आपल्या पद्धतीने मीठ चोळून मुरवलं. दोन्ही वेळा तेच खातोय. फक्त पावलं सुजलीत, चपलेत जाईनात, जिन्यावर धाप लागते. डॉक्टर म्हणाले, चोरून मटण खाल्लंत. तुझी शपथ घेतली तरी त्यांना पटेना. तुझा माल खाऊनही मटणाचा आळ आला, याचंच वाईट वाटलं.

आईचे आणि माझे आशीर्वाद आहेतच.
बाबा

२२ जून

ती. बाबांना शि. सा. न.

पत्र वाचलं. ती सूज मिठाची आहे, बाबा. मीठ आमच्या मालात आधीच भरपूर असतं. प्रत्येक घाण्याला मीच मोजून घालते, आणि तुम्हालाच लिहायला विसरले. चरबी कमी हे खरं, पण ही काही घरी शिजवलेली साधी डाळ नव्हे. आजच पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुमचं पत्र साहेबांपुढे ठेवलं. मीठ काढलं तर खाणार कोण, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "माझे बाबा." अर्ध्या मिठाचा एक घाणा काढू दिलाय.

रागावला असाल तरी उत्तर लिहा.
ठकू

१४ जुलै

चि. ठकूस अ. उ. आ.

सूज उतरली. डॉक्टरांनी पाकीट वाचलं, मला खोटं पाडल्याबद्दल माफी मागितली आणि आठवड्यातून एकदाच, वरून चिमूटभरही मीठ न घालता, खायची मुभा दिली. मिठाची बरणी आईने लपवलीय.

नवा माल मिळाला. साहेबांना सांग, फिका आहे. हेही सांग, की खाटकाने ताट पुसून खाल्लं. शेवटचा तुकडा खिडकीशी उजेडात धरून किती वेळ बघत बसलो. उभा जन्म मी धागा कापत आलो, पोरी. तू तो घातलास.

येशील तेव्हा यंत्राचं सगळं सांग.
बाबा