सूतभर फरक

३ मार्च
दुखण्याला नाव मिळालं — एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढतं, म्हणून ठकी दर महिन्याला कळवळते. पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीने पाहिलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना स्वच्छ दिसलं. एवढं ऐकून माझी लेक चक्क हसली! ‘आई, म्हणजे मी नाटक करत नव्हते.’ मी कधी म्हटलं होतं? म्हणायच्या त्या नणंदबाई.

५ मार्च
आल्याच त्या. ‘वहिनी, आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे तुमच्याकडचं.’ ठकी ताटावरून उठली. मी नणंदबाईंना दुसऱ्यांदा भाजी विचारली नाही.

११ मार्च
डॉक्टरीणबाईंना संशोधनासाठी लाळ हवी आहे — ठकीची, आमची, मावशीची, आत्याची. मी म्हटलं, कुठलं जनुक बिघडलंय ते सांगा, म्हणजे झालं. म्हणाल्या, तसं एकच नसतं. बऱ्याच जनुकांत बारीक फरक असतात, एकेकाने धोका जरासा वाढतो. ते आईकडून येतात तसे बाबांकडूनही.

मला चटकन कळलं. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग सांभाळण्यात जन्म गेला. प्रत्येक तुकडा सूतभर चुकला तरी बाही बसत नाही — आणि कुणा एकाला झापताही येत नाही, हाच वैताग!

‘बाबांकडूनही’ हे मात्र मी दोनदा वदवून घेतलं.

१४ मार्च
नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, त्याआधी अर्धा तास तोंडात काही टाकायचं नाही. ह्यांनी पेपरमिंट चघळलं. दुसरी नळी. तीत नुसता फेस.

‘फेस धरत नाहीत,’ मी बजावलं.

‘तू अशी समोर उभी राहिलीस की तोंडाला कोरड पडते.’

ठकी पोट धरून खाली बसली. मी धावले. ‘काही नाही गं, हसून टाके ताणले!’

मग हे तिला म्हणाले, ‘नाक आईचं, अक्कल आईची. माझ्याकडून काही आलं असेल तर हे दुखणंच. आत्याशी मी बोलतो.’ हा माणूस जन्मात बहिणीपुढे बोललेला नाही.

१५ मार्च
बोलले! नणंदबाईंनी फोन आपटला. आम्ही तिघं आइसक्रीम खाऊन आलो. ठकीने दोन खाल्ली.

१९ मार्च
सकाळीच नणंदबाई दारात. आत येईनात. ‘वहिनी, आई म्हणायची, असलं दुखणं बोलायचं नसतं. मी कधी बोलले नाही.’ मग ठकीकडे बघून, ‘उठल्यापासून काही खाल्लेलं नाही. कुठंय ती नळी?’