सान्वीचा दात आणि छपराची पंचाईत

ती. शोभनाताईस,

इकडून आखातातल्या अल बर्शाहून तुझ्या धाकट्या भावाचा, हेमूचा, नमस्कार. तुझा उजवा हात दुखत होता तो थांबला का? (थांबला असेल असं धरूनच चालतो. पुढे तुझ्या हाताशीच काम आहे.)

गेल्या आठवड्यात सान्वीच्या शाळेत दाततपासणी होती. पालकांनी बरोबर यावं असा निरोप आला, आणि तुझ्या भावजयीला मीटिंग असल्यामुळे (संपदाला अशा दिवशी नेमकी मीटिंग असते) मी गेलो. सान्वीचा पुढचा दात कधीचा हलत होता. तिने ओठ असे घट्ट मिटले की डॉक्टर मुनिबांची गोड उर्दू, दोन स्टिकर आणि एक फुगा खर्ची पडले तरी उघडेनात. शेवटी त्या मला म्हणाल्या, "पापा, पहले आप दिखाइए." मी ऐटीत आ वासला. बाईंनी बॅटरी मारली आणि त्या सान्वीला विसरूनच गेल्या. नर्सला बोलावलं, मग रांगेतली पोरंही वाकून बघायला लागली. माझी एक दाढ पार पोखरलेली निघाली, काढावीच लागेल म्हणाल्या. ते ऐकून आमची कन्या एवढी खदखदून हसली की तिचा दात टपकन मांडीवर पडला.

खरी गोची पुढेच आहे, आणि ती तू केलेली आहेस. पडलेला दात कौलांवर टाकून उंदीरमामाकडे नवा मागायचा, नाहीतर येतच नाही, हे व्हिडिओ कॉलवर तूच तिला सांगितलंस. देवरुखात बसून सांगायला काय जातं? इथे आम्ही बाराव्या मजल्यावर, आणि गच्चीला कुलूप. वॉचमन रामेश्वरला दात दाखवून विनवलं, तर तो "साब, अलाउड नहीं" म्हणत दाताकडेच संशयाने बघत राहिला. बाल्कनीतून फेकावा तर दंड. पार्किंगच्या पत्र्यावर टाकणार होतो, तेही रहित केलं. सान्वी तेव्हापासून हसत नाही. तोंडावर हात धरून म्हणते, "पप्पा, व्हॉट इफ इट नेव्हर कम्स?" मला फार वाईट वाटतं गं.

म्हणून सुट्टीवर निघालेल्या आमच्या ऑफिसातल्या सुरेशबरोबर दात डबीत घालून पाठवतोय. तुझ्या कौलांवर टाक आणि व्हिडिओ पाठव.

तुझा,
हेमू

ता. क. व्हिडिओ लांबून काढ.

आणखी एक ता. क. हे व्हॉट्सअॅपवर लिहिलं नाही, कारण माझा फोन संपदा वाचते. पत्र्यावर दात मी टाकला होता. सान्वी डोळे मिटून उंदीरमामाला हाका मारत होती, तेवढ्यात तो घरंगळून गटाराच्या जाळीत गेला. तिने डोळे उघडले तेव्हा मी "इथे नको, आत्याकडे पाठवू" म्हणत रिकामी डबी बंद करत होतो. आता डबीत आहे ती डॉक्टर मुनिबांनी शनिवारी काढलेली माझी दाढ. टाकताना नाव मात्र सान्वीचंच घे. आणि उंदीरमामाला नीट समजावून सांग की पुढचा, छोटा दात हवाय. नाहीतर तो नमुना बघून देईल, आणि पोरीच्या तोंडात समोरच दाढ उगवायची.