आईने देवळात नेलेले बेक

गार्गी,

उठलीस की आधी हे वाच. जहाजावरच्या त्रिनिदादच्या कुकने मला शिकवलेले ते तळलेले बेक आज नाश्त्याला केले. पुरीसारखे टम्म फुगले. आईने दोन खाल्ले, माझ्या हातचं काहीतरी पहिल्यांदाच तिला आवडलं. उरलेले सगळे डब्यात भरून ती देवळात भजनाच्या बायकांना वाटायला घेऊन गेली.

ती गेल्यावर मी तेलाची बरणी आवरायला घेतली, तर तळाशी बोंबलाचं शेपूट. काल तू बोंबील तळलेस, तेच तेल मी न बघता कढईत ओतलं गं. आणि आज श्रावणाचा पहिला दिवस. वाट लागली.

आईचा फोन इथेच चार्जिंगला आहे, म्हणून मी देवळात पळतोय. ओट्यावर ओल्या फडक्याखाली पीठ उरलंय. कढई नीट घासून नव्या तेलात दहा-बारा तळ आणि लगेच घेऊन ये. तोवर मी तिला बोलण्यात गुंतवतो. तिने खाल्ले त्या दोनांचं काय सांगायचं, ते मला अजून सुचत नाही. फार खूश होती.

एक तिने बाबांच्या फोटोपुढे ठेवलाय. तो मात्र राहू दे. श्रावणभर बोंबलांसाठी हळहळायचे बिचारे.

ओजस