डोक्यातली बंद भट्टी

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कमरेच्या ऑपरेशनमुळे उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). तू ठणठणीत असशीलच. दाजींना म्हणावं, गुडघा शेका, चोळा, पण गोळ्यांशी सोयरीक नको.

मला ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्या अफूच्या जातकुळीतल्या. दुखणं गेलं, त्या मात्र जाईनात. आता डॉक्टरीणबाई त्या थोड्या थोड्या कमी करत आणताहेत. त्यांचं म्हणणं, वेदना मारायचा माल मेंदू स्वतःच बनवतो. पण बाहेरून आयता माल येऊ लागला की ती भट्टी थंडावते. (पाव भाजण्यात हयात घालवलेल्या मला हे लगेच पटलं.) ती पुन्हा तापेपर्यंत नाक गळणार, अंगावर काटा येणार, जांभया येणार, आणि पोटाचं तर विचारूच नकोस. चाला, हसा, चार माणसांत बसा, त्याने भट्टीला मदत होते, असं त्या म्हणाल्या.

हसा म्हटल्यावर मी बेकरीत पाळ्याच लावल्या. पीठ मळून झालं की रोज एकाने मालकांना हसवायचं. पहिल्या दिवशी थोरला कारागीर घोकून घोकून विनोद घेऊन आला, आणि मी त्याच्या तोंडावर लागोपाठ अकरा जांभया दिल्या. तो रुसला. दुसऱ्या दिवशी पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याने नुसतं तोंड उघडलं, तोच माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. (हाही गोळ्या सुटण्याचाच प्रताप.) त्याला वाटलं, मालकांच्या वर्मी लागलं. तो माफी मागता मागता स्वतःच रडायला लागला, रुसलेला कारागीर त्याची समजूत घालत बसला, आणि तेवढ्यात पावांचे तीन ट्रे जळून कोळसा झाले. त्या धुरात आम्ही तिघं डोळे पुसत उभे, आणि मला काय हसू फुटलं म्हणून सांगू! कंबर धरून हसलो. ताई, त्या दुपारी दोन महिन्यांत पहिल्यांदा मला गोळीची आठवण झाली नाही. आता जेवण जातं, झोप लागते, तुझी भावजयही माझ्याशी बोलू लागली आहे. खरंच बरं वाटतंय गं.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या कपाटात मी 'जुनी कागदपत्रं' म्हणून ठेवलेल्या पाकिटात त्याच गोळ्यांच्या दोन पट्ट्या आहेत. त्या आजच तुमच्या डॉक्टरांकडे देऊन टाक.

ता. क. २. ते पाकीट ताबडतोब पाठव, असं परवाच्या पत्रात मीच लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक. आणि हे पत्र पोचलं की मी फोन करून सांगेन, की ते थट्टेत लिहिलं होतं. तेव्हा माझं एक अक्षरही ऐकू नकोस.