ईदला आलात की बॅग कुठे ठेवाल?

सर, आज तुमची फार आठवण आली, आणि ती बँकेमुळे आली. गावाकडे आम्ही एक घर विकत घेत होतो. त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांच्या पॅनेलवर आता तुमचा दुसरा ज्युनिअर आहे, ज्याला तुम्ही उठता-बसता धांदरट म्हणायचात तोच. पॅनेलवर नाव टिकवणं म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार! स्वतःचं ऑफिस हवं, मूळ कागद स्वतः पाहायला हवेत, नात्यातल्या कुणाचं प्रकरण हातात घ्यायचं नाही, आणि मालकीचा एक रिपोर्ट चुकला की नाव कापलं जातं, तेही बाकीच्या बँकांना कळवून. दरवर्षी नूतनीकरणाचे दिवस आले की तुमचं जेवणावरचं लक्ष उडायचं आणि सगळा राग बिचाऱ्या टायपिस्टवर निघायचा.

बँकेच्या अटींत नसलेली एक अट मात्र तुमची स्वतःची होती. घरात बहिणीचा हिस्सा असेल तर तिला समक्ष विचारायचं, आणि तेही भाऊ आणि नवरा समोर नसताना. मला ज्युनिअर म्हणून घेतलंत ते त्यासाठीच. "तुमच्या लोकांत मला ओटीच्या पुढे जाता येत नाही, तू आत जा," असं पहिल्याच दिवशी म्हणालात. तुम्ही बाहेर पुरुषांबरोबर बसून घावन खायचात, नाही म्हटलं तर माणसं बोलत नाहीत म्हणून, आणि परत येताना गाडीत ॲसिडिटीची गोळी चघळत बसायचात. मी आत. "तुमची संमती आहे का," असं मला विचारू द्यायचा नाहीत. संमतीला सगळ्याच हो म्हणतात. "ईदला आलात की बॅग कुठे ठेवाल," हे विचारायचं. जिला घर विकलं जातंय हे ठाऊक आहे, ती दुसरं घर सांगते; जिला ठाऊक नाही, ती हेच घर सांगते.

एकदा मी तो प्रश्न मिक्सर चालू असताना विचारला. बाईने मान हलवली, मी बाहेर आले. तुम्ही गाडीत चावी लावली होतीत. मी सांगितलं आणि तुम्ही चावी काढून घेतलीत. "तिने मान मिक्सरला हलवली की तुला? परत जा. मिक्सर बंद कर आणि मग विचार." मी परत गेले, मिक्सर बंद केला, पण त्या दुपारी मला तुमचा फार राग आला होता.

तर आमचं घर. इथे आखातात यांच्या कंपनीने फायनल एक्झिट लावली आहे, म्हणजे कायमचं परत जायचं; इकामा, इथला राहण्याचा परवाना, संपत आलाय, अल मलाझमधला फ्लॅट सोडायचा आहे. मुलीला गावाकडच्या शाळेत घालायचं आहे आणि तिथे आमच्या हक्काची एक खोलीही नाही. हे घर मिळालं असतं तर विमानतळावरून सरळ आपल्या दारात उतरलो असतो. विकणाऱ्याची एकच बहीण, ती इथेच अल खर्जला, नवरा डेअरीत. तिने भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं होतं. धांदरटाने तिला व्हिडिओ कॉल केला, तर नवरा शेजारी बसलेला आणि ती प्रत्येक वाक्याला हो म्हणतेय.

त्याचा मला फोन आला. "ताई, खरं तर घेणाऱ्या माणसाला मी हे सांगणं नियमात बसत नाही. पण माझी खात्री पटत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ शकता."

"मी घेणारी आहे. मीच कशी विचारू?"

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत आणि ती बरोबर बोलली, तर मी डोळे मिटून सही करीन."

गाडीत हे म्हणाले, "वकीलीण म्हणून जाऊ नको. घर बघायला जातात तशी जा, चहा पी, ये." सर, मला ते घर हवं होतं. खूप हवं होतं.

अल खर्जच्या त्या घरात पुरुष बाहेरच्या खोलीत बसले. स्पीकरवर गावाहून भाऊ बोलतोय, "खलास झालं ना आता सगळं?" मी आत. ती तव्यावर घावन घालतेय, वर एक्झॉस्टचा पंखा घरघरतोय. बाहेरून यांची हाक येते, "यल्ला, चल, उशीर होतोय." मी विचारते, ईदला गावी गेलात की बॅग कुठे ठेवाल?

"आमच्याच घरात ठेवीन ना गो, आनिक कुठं? मधल्या खोलीत. अम्माची पेटी तिथंच हाय." तिने घावन उलटलं. "भाई छप्पर नवीन करतोय. बँकेतून लोन काढायला माजी सही पायजे होती, ती दिली."

मी गॅस बंद केला. म्हटलं, घर विकलं जातंय. घेणारी मी आहे.

ती रडली नाही. तिने घावन ताटलीत काढलं. मग म्हणाली, "पेटी तरी काढून ने, असं मला कुनी सांगितलं पन नाय." आणि चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, "त्यांना नेऊन दे, थंड होईल."

तिने मुखत्यारपत्र रद्द करायला अर्ज दिला. धांदरटाने बँकेला नकाराचा रिपोर्ट पाठवला. आमचं घर गेलं. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर हे म्हणाले, "तुझे सर असते तर खूश झाले असते. पण ते काही आपल्याला राहायला जागा देणार नव्हते." त्यांचंही चुकलं नाही. मुलगी रोज विचारते, "मम्मी, व्हेअर विल वुई लिव्ह?"

धांदरट मात्र सगळ्यांना सांगत सुटलाय की ताईंनी सरांचं नाव राखलं. कोर्टात, बाररूममध्ये, भेटेल त्याला. म्हणून मी हे पत्र लिहायला बसले. लिहून झालं की फाडून टाकीन, कारण हे तुमच्याशिवाय कुणी वाचायचं नाही.

त्या पंख्याचं बटण माझ्या हाताशी होतं, सर. मी ते बंद केलं नाही. प्रश्नही अगदी हळू विचारला. तिला ऐकू जाऊ नये, तिने नुसती मान हलवावी, असं मला वाटत होतं. तिला ऐकू गेलं.