अंगणातल्या तीन निलगिरी

सिग्नेट, टास्मानिया
४ मे १९५८

चि. क्लाइव्ह यास थोराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सफरचंदांची तोड संपली, हिवाळा तोंडावर आला. नदीवरचं धुकं आता दुपारपर्यंत उठत नाही आणि आईची छाती पुन्हा वाजू लागली आहे. सकाळ-संध्याकाळ निलगिरीच्या पाल्याचा वाफारा देते. ती डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकते आणि आतूनच मला बोल लावते, की पाणी कोमट आहे, पाला शिळा आहे, माझ्या हाताला चवच नाही. वाफाऱ्याला कसली आलीय चव!

जॅमच्या डब्यांत मी बी पेरलं तेव्हा तू हसला होतास. त्याची आता अंगणात तीन झाडं झाली आहेत. मी त्यांना माझ्या डोक्यावर जाऊ देत नाही. छाटत राहिलं की पानं कोवळी, रुंद, चांदीसारखी राहतात. मोकळं सोडलं की विळ्यासारखी लांबट होतात. त्या पाल्यानं आईचे गुडघे शेकते, लोकर रंगवते. उरलेला पाला व्हर्न डालग्लीश दर पंधरवड्याला त्याच्या तेलाच्या भट्टीसाठी नेतो.

हो, तोच तोतरा व्हर्न. त्यानं मला मागणी घातली. लग्न हा शब्द उच्चारायला त्याला इतका वेळ लागला, की मीच मध्ये हो म्हणून टाकलं. एक्केचाळिसाव्या वर्षी तुझी ताई लाजली, हस आता. आईसाठी तो घराला एक खोली जोडणार आहे, खिडकी उन्हाकडे. आईला हे सांगितलं तर तिनं आणखी एक कप चहा मागितला.

तुझ्या बायकोला, ऊनाला माझे आशीर्वाद. लोभ आहेच, तो सुकू देऊ नकोस.

तुझी
थोराताई


सिग्नेट
११ मे

चि. क्लाइव्ह यास आईचे आशीर्वाद.

तुझ्या बहिणीला चळ लागला आहे. त्या झाडपालेवाल्याबरोबर संसार मांडणार, आणि मला म्हणे खोली देणार, त्याच्या भट्टीच्या धुरात! मी काय बटाट्याचं पोतं आहे, इथून उचलून तिथं टाकायला?

मी सांगते तसं कर. झाडंच नसली तर हा कशाला येईल? महिन्याच्या शेवटच्या शनिवारी थोरा हुऑनव्हिलला दात दाखवायला जाणार आहे. करवत घेऊन ये. नुसती तोडू नकोस, बुंध्यांवर रॉकेल ओत, नाहीतर मेली पुन्हा फुटतात. माझ्या वाफाऱ्याची काळजी नको, दुकानात तेलाची बाटली मिळते.

त्याच दिवशी तोही पाला न्यायला येईल. त्याला फाटकातच सांग, की थोरा चर्चच्या बायकांसमोर त्याच्या तोतरेपणाची नक्कल करते आणि सगळ्या पोट धरून हसतात. माणूस मानी आहे. पुन्हा तोंड दाखवायचा नाही.

हे तुला जमत नसेल तर तसं कळव. मी सामान बांधून तुझ्याकडेच राहायला येते. ऊनाला विचारून घे, चालेल का.

आईवर माया असू दे, आणि करवतीला धार लावून आण.

तुझी
आई


होबार्ट
१ जून

ती. थोराताईस सा. न. वि. वि.

तू घरी आलीस तेव्हा अंगण बघून तुला धक्का बसला असेल. पण मुळं घराच्या पायात शिरत होती, कोणीतरी हे करायलाच हवं होतं. तू समोर असतीस तर रडारड झाली असती, म्हणून तू नसताना उरकलं. आता रडून आईला त्रास देऊ नकोस. तिची छाती नाजूक आहे.

तुझा व्हर्न फाटकात भेटला. दोन शब्द झाले, माझेच. बोलायला त्याला वेळ लागतो, हे तू जाणतेसच. ट्रक वळवून निघून गेला. ताई, ह्या वयात माणसानं आपलं हसं करून घेऊ नये, एवढंच धाकट्या भावाचं म्हणणं.

ऊनानं तुझ्यासाठी एक स्कार्फ काढून ठेवला आहे. तिला तो रंग शोभत नाही. राग न धरता आशीर्वाद द्यावा.

तुझा
क्लाइव्ह


सिग्नेट
६ जुलै

क्लाइव्ह,

महिनाभर वाट पाहून मी व्हर्नच्या भट्टीवर चालत गेले. भट्टी थंड होती. दार त्याच्या बहिणीनं उघडलं, पण मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तू फाटकात काय बोललास, ते तिनं मला शब्दाशब्दानं ऐकवलं. मी शपथा घेतल्या, तिला खऱ्या वाटल्या नाहीत. तो समुद्रापलीकडे मेलबर्नला गेला आहे, आणि मला पत्ता द्यायचा नाही असं तिला बजावून गेला आहे.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती पावाला लोणी लावत होती. सुरी न थांबवता म्हणाली, की ते शब्द तिचेच, तुला एवढं सुचायची अक्कल कुठली. वर म्हणाली, की त्या माणसाचा माझ्यावर विश्वास असता तर तो फाटकातून परत गेला नसता. ते मात्र खरं असावं. म्हणूनच मला झोप येत नाही.

मी आवाज चढवला नाही. तिची ट्रंक भरली. गुरुवारच्या बसनं ती तुझ्याकडे येते आहे. आधी तिला थट्टा वाटली, मग तिनं दाराची चौकट धरली, मला सांगितलं की निदान हिवाळा संपू दे. आता ती बाहेरच्या खोलीत कोट घालून बसून असते. गुरुवारी पुन्हा चौकट धरलीच, तर एकेक बोट सोडवीन. माझ्या हातात आता जोर आला आहे.

फाटकात उभं राहणं तुला जमलं, बसस्टँडवर उभं राहणंही जमेल.

थोरा


होबार्ट
२१ सप्टेंबर

चि. थोरा हिस आईचे आशीर्वाद.

ऊनानं महिनाभर ठेवलं, मग क्लाइव्हनं मला इथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात आणून सोडलं. खोलीत आम्ही चौघी. खिडकी उघडत नाहीत. एक बाई दिवसभर मला तिची मेलेली बहीण समजून शिव्या देते. क्लाइव्ह दर रविवारी येईन म्हणाला होता. एकदा आला, टोपीही काढली नाही.

दुकानातल्या तेलानं डोळे झोंबतात, कफ सुटत नाही. मला तुझ्या हातचा वाफारा हवा. मी चुकले असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस, ह्या वयात ते जमायचं नाही. पण मला ने. नेत नसशील तर थोडा पाला तरी पाठव. तुझ्याकडे नसला म्हणून काय झालं, रस्त्यापलीकडे रानच आहे निलगिरीचं.

आईला विसरू नकोस.

तुझी
आई


सिग्नेट
२८ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रस्त्यापलीकडे रान आहे, खरं आहे. मी तिकडे जात नाही.

तुझी खोली जॅमच्या कारखान्यातल्या दोन मुलींना दिली आहे. तुझा पलंग लहान पडला, म्हणून तो मोडून शेकोटीत घातला. चांगला जळला. त्या मुली कामावरून आल्या की एकेका मुकादमाची नक्कल करून दाखवतात. काल एकीनं तोतऱ्याची केली. आम्ही तिघी पोट धरून हसलो. आधी मी हसले, मग त्या हसल्या.

तुझी छाती कशी आहे, हे क्लाइव्हकडून कळेलच, किंवा कळणार नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

थोरा