फक्कीचं घर

नाना, मस्कतहून बोलावणं आलंय. तुमच्या हाताखाली माझ्याबरोबर शिकलेला, रोज टी-स्क्वेअर विसरून येणारा तो तुमचा लाडका आता तिथल्या मोठ्या ऑफिसात कर्ताधर्ता आहे. म्हणतो, जळगावात काय उरलंय, पन्नाशीची अनुभवी आर्किटेक्ट इथे हवीच आहे, दोन दिवसांत कळव. असं काही आलं की तुम्हाला विचारायची सवय अजून गेलेली नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे त्या सवयीला कोणी सांगितलेलंच नाही.

त्याचं अगदी चूकही नाही. आपले गवंडी ओमानात, सेंटरिंगवाले बिहारचे, फरशीवाले राजस्थानचे, आणि घर बांधणारे मालकही आखातात. संस्कृतात गृहस्थ म्हणजे घरात राहणारा. माझी निम्मी गिऱ्हाइकं गृह इथे ठेवून स्वतः भलतीकडेच स्थित आहेत. नकाशेसुद्धा तिकडूनच येतात, तिथल्या कुणी फावल्या वेळात काढलेले. मी फक्त मंजुरीसाठी सही-शिक्का करायचा. शिक्का आता तुमच्याहून सरळ उमटवते, एवढी प्रगती आहे.

परवा धुळ्याजवळच्या एका खेड्यात असाच नकाशा घेऊन गेले. मालक मस्कतला क्रेन चालवतो. नकाशात दोन मजले, काचेचा जिना, दोन गाड्यांची जागा. राहणार एकटी त्याची आई. सही करून परत यायचं होतं, पण गाडीत फक्कीचं, आखणीच्या पांढऱ्या भुकटीचं, पोतं होतं आणि हात स्वस्थ बसेना. तुमची ती खोड. पाया खणण्याआधी मोकळ्या जागेवर पांढऱ्या रेषांनी अख्खं घर आखायचं आणि घरच्यांना तासभर त्यात नांदायला लावायचं. मला धुळ्याच्या देवपुरातलं माझं पहिलं काम दिसतं. संध्याकाळचं ऊन आडवं पडलंय, रेषा जमिनीपासून वीतभर वर तरंगताहेत, तुम्ही नसलेल्या स्वयंपाकघरात बशीतून चहा पिताय आणि मी धावत तुमच्याकडे येतेय. तुम्ही बशी खाली न ठेवता, माझ्या संस्कृतावरून पाडलेल्या नावाने म्हणता, “शास्त्रीणबाई, भिंतीतून कुठं येताय? दारातून या.” मी परत जाते, दारातून येते. त्यानंतर आजवर कुठलीही आखलेली रेष मी सरळ ओलांडलेली नाही. लोकांना वाटतं, बाई सोवळं पाळतात.

तर परवाही घर आखलं. आई हळूहळू फिरली. फोनवर मुलगा बघत होता, मागे त्याचं पिवळं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं. ती एका चौकोनात थांबली.

“हाई कोनी खोली शे?”

“पाहुण्यांची,” मी म्हटलं.

“कोना पाहुना?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. दिवाणखान्यातून, गाड्यांच्या जागेतून, आणि शेवटची रेष ओलांडून रस्त्याच्या बाजूला मातीत जाऊन बसली. शेजारणीने दिलेला चहाही तिथेच घेतला. घर मागे, पांढरं, रिकामं, खाली उतरलेल्या ढगासारखं.

“माय, मझार बैस ना,” मुलगा फोनमधून म्हणाला. आत बस.

“मझार कोन शे?” ती म्हणाली. “आठे येनारा-जानारा तरी दिखतस.”

तो फोनच्या पडद्यातून बाजूला सरकला. हेल्मेट दिसत होतं, तो दिसत नव्हता. मग मला म्हणाला, “मॅडम, आधी तेवढंच बांधता येईल का? माय बसलीय तेवढं. बाकीचं मी आल्यावर बघू.”

तो कधी येणार, हे मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. पोत्यात थोडी फक्की होती. तिच्याभोवती ओटा आखला, मागे एक खोली, मोरी, चुलीची जागा. रेष जाऊ द्यायला तिने पाय जरासे आवरून घेतले, कप हातातच. नाना, बऱ्याच वर्षांनी मी जमिनीवर काहीतरी माझं काढलं. तेही कुणाच्या तरी पायांना वळसा घालून. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघी त्या नसलेल्या ओट्यावर बसलो. ती जाणाऱ्या-येणाऱ्यांची नाती सांगत होती. मी ऐकत होते की झोपेत होते, सांगता येत नाही.

काल मस्कतला नाही म्हणून कळवलं. कारण गुडघ्यांचं दिलं. त्याचं लगेच उत्तर आलं, ‘इथे सगळीकडे लिफ्ट आहेत.’ एका ओट्यासाठी थांबले, हे त्याला लिहायची लाज वाटली. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकावं, याचा शास्त्रात काही खुलासा नाही, म्हणून ते टेबलावरच राहील. पण तुम्हाला सांगते, गुडघे ठणठणीत आहेत.